संसर्गाच्या लेखात पेशीलाही जागा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत संसर्गजन्य आजारांवर सध्या सलग लेख येत आहेत. ते मी आवर्जून वाचते. लिहिणारे डॉक्टर जाणकार आहेत, भाषाही सोपी आहे. तरीही जवळजवळ प्रत्येक लेखात चित्र एकच असते. बाहेरून जंतू येतात, आत पांढऱ्या पेशींचे सैन्य सज्ज असते, दोघांची लढाई होते आणि सैन्य कमी पडले की माणूस आजारी पडतो. शेवटी एक चौकट असते, तिच्यात प्रतिकारशक्ती वाढवण्याचे उपाय असतात. ज्या पेशीत जंतू शिरला ती पेशी स्वतः काय करते, याबद्दल मात्र एक ओळही नसते. माझे सगळे काम त्याच पेशीशी आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे. जागेअभावी कापावे लागले तर कापा, पण प्रयोगांचा भाग ठेवावा ही विनंती, कारण माझे म्हणणे त्या प्रयोगांवरच उभे आहे.

मी एका प्रयोगशाळेत पेशीसंवर्धन विभाग सांभाळते आणि विषाणूशास्त्राच्या विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके घेते. आमच्या फ्लास्कच्या तळाला पेशींचा एकच थर चिकटलेला असतो. वर गुलाबी मीडियम, म्हणजे पोषक द्रव असतो. इनक्युबेटरचे तापमान 37 अंश सेल्सिअस आणि आत 5 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. त्या फ्लास्कमध्ये रक्त नसते, पांढऱ्या पेशी नसतात, प्रतिपिंडे नसतात. सैन्य म्हणावे असे त्यात काहीही नसते. तरीही विषाणू टाकला की प्रतिकार होतो, आणि तो दिसतो.

नव्या विद्यार्थ्यांना पहिला प्रयोग मी याचाच देते. मानवी फुफ्फुसाच्या अर्बुदापासून (ट्यूमरपासून) वाढवलेल्या ए-549 या पेशी दोन प्लेटांत लावायच्या. एका प्लेटला इंटरफेरॉन नावाचे प्रथिन द्यायचे, दुसरीला द्यायचे नाही. दुसऱ्या दिवशी दोन्हींवर व्हीएसव्ही हा विषाणू सोडायचा. हा मूळचा गुरांच्या तोंडात फोड आणणारा विषाणू, पण अशा प्रयोगांना फार सोयीचा. पुरेसा वेळ जाऊ दिला की क्रिस्टल व्हायोलेटने रंगवायचे. ज्या पेशी टिकल्या आणि चिकटून राहिल्या त्या जांभळ्या होतात, मेलेल्या पेशी सुटून धुण्यात निघून जातात. इंटरफेरॉन न दिलेली प्लेट कोरी निघते आणि दिलेली काठापासून काठापर्यंत जांभळी. विषाणू तोच, मात्रा तीच, पेशीही त्याच. फरक एवढाच की एका प्लेटमधल्या पेशींना आदल्या दिवशी सूचना मिळाली होती.

ही सूचना पेशीच एकमेकींना देतात हे 1957 साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन यांनी दाखवले. त्यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावरणाच्या तुकड्यांवर उष्णतेने निष्क्रिय केलेला इन्फ्लुएन्झाचा विषाणू ठेवला. नंतर जिवंत विषाणू घातला तर तो वाढेना. पुढची पायरी अधिक महत्त्वाची होती. त्या तुकड्यांभोवतीचा द्रव काढून कोऱ्या तुकड्यांवर घातला, तर तेही सुरक्षित झाले. म्हणजे पेशींनी काहीतरी बाहेर सोडले होते. तेच इंटरफेरॉन. ते विषाणूला हातही लावत नाही. शेजारच्या पेशीला सावध करते, आणि ती पेशी आपली कित्येक शे जनुके कामाला लावते.

याची उलट बाजूही आमच्याच इनक्युबेटरमध्ये आहे. 1962 साली जपानमधल्या चिबा विद्यापीठात आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून व्हेरो नावाच्या पेशी वाढवण्यात आल्या. जगभरातल्या प्रयोगशाळांत विषाणू वाढवायला त्या वापरतात, कित्येक लसी त्यांच्यावर तयार होतात. त्यांच्यात विषाणू इतके चांगले का वाढतात याचे एक मोठे कारण 1968 साली कळले. या पेशींना इंटरफेरॉन तयारच करता येत नाही. पुढे त्यांच्या संपूर्ण जनुकसंचाची तपासणी झाली तेव्हा त्या जनुकांचा अख्खा पट्टा गळून गेलेला आढळला. बाहेरून इंटरफेरॉन दिले तर त्या ऐकतात, फक्त स्वतः हाक देऊ शकत नाहीत. एका क्षमतेची उणीव, आणि पेशी विषाणूंसाठी मोकळे रान होऊन बसते.

आता पेशीच्या आत काय होते ते सांगते, कारण लेखांत नेमके तेच सुटते.

बरेचसे विषाणू आपल्या आरएनएची नक्कल करताना दुपदरी आरएनएचे लांब धागे तयार करतात. निरोगी पेशीच्या पेशीद्रव्यात असे लांब दुपदरी धागे सहसा सापडत नाहीत. पेशीकडे पीकेआर नावाचे एक विकर (एन्झाइम) असते. इंटरफेरॉनची हाक आली की ते जास्त प्रमाणात बनते, पण दुपदरी धागा भेटेपर्यंत स्वस्थ राहते. धागा भेटला की ते जागे होते आणि एकच काम करते. प्रथिन बनवण्याच्या सुरुवातीला लागणारा ईआयएफ-2 हा घटक असतो, त्याच्या एका साखळीतल्या 51 क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लावर ते एक फॉस्फेट चिकटवते. एवढ्याने पेशीतले बहुतेक प्रथिननिर्मितीचे काम थांबते. सगळ्या ईआयएफ-2 वर फॉस्फेट लागावे लागत नाही, थोड्यावर लागले तरी पुरते. फॉस्फेट लागलेला ईआयएफ-2 आपल्याला पुन्हा कामासाठी तयार करणाऱ्या दुसऱ्या घटकालाच धरून बसतो, आणि तो दुसरा घटक पेशीत मुळातच कमी असतो.

विद्यार्थी इथे हमखास विचारतात की पेशी स्वतःचेच काम का थांबवते. विषाणूकडे स्वतःचे रायबोसोम, म्हणजे प्रथिने बनवणारी यंत्रे, नसतात, म्हणून. त्याला आपली प्रथिने पेशीच्या रायबोसोमवरच बनवून घ्यावी लागतात. रायबोसोम थांबले की पेशीची उपासमार होते आणि विषाणूचीही. पेशी स्वतःचे नुकसान पत्करून वेळ मिळवते.

मला या साऱ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटते ते पुढचे. त्याच 51 क्रमांकाच्या जागी फॉस्फेट लावणारी विकरे आपल्या पेशीत चार आहेत. पीकेआरला दुपदरी आरएनए कळतो. पर्क हे आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे प्रथिनांना घडी घालणाऱ्या पेशीतल्या जाळ्यात, नीट घडी न पडलेली प्रथिने साचली की जागे होते. जीसीएन-2 ला अमिनो आम्लांचा तुटवडा कळतो. चौथे एचआरआय, ते मुळात हीम या लोहयुक्त रेणूच्या कमतरतेसाठी ओळखले जाते. चार वेगवेगळी संकटे, आणि चौघांचा हात एकाच ठिकाणी पडतो. याचा अर्थ पेशी उपासमारीला, चुकीच्या प्रथिनांना आणि संसर्गाला पूर्णपणे वेगवेगळ्या गोष्टी मानत नाही. तिच्या दृष्टीने हे सगळे ताण आहेत, आणि ताणात पहिली गोष्ट म्हणजे खर्च थांबवणे. त्याच वेळी एटीएफ-4 सारखी मोजकी प्रथिने मात्र थांबलेल्या कामातूनही बनत राहतात, आणि दुरुस्तीसाठी लागणारी जनुके सुरू करतात.

यातून एक मोठा फायदा होतो. जंतूचा चेहरा ओळखता आला नाही तरी त्याने केलेले नुकसान ओळखता येते. शिगेला आणि साल्मोनेला हे जिवाणू पेशीत शिरताना तिच्या पटलांना (पातळ आवरणांना) इजा करतात. त्यामुळे पेशीच्या आत अमिनो आम्लांचा तुटवडा जाणवू लागतो, जीसीएन-2 जागे होते आणि पेशी सावध होते. हे 2012 साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी एका सूक्ष्म गोलकृमीवरचे संशोधन आले. स्यूडोमोनास या जिवाणूचे एक विष प्रथिननिर्मिती बंद पाडते. संशोधकांनी फक्त ते विष बनवणारे, बाकी निरुपद्रवी असलेले जिवाणू त्या कृमीला खाऊ घातले. कृमीच्या आतड्यातल्या पेशींनी प्रथिननिर्मिती मंदावल्याचे हेरले आणि जिवाणूंविरुद्धची जनुके सुरू केली. आणखी एका प्रयोगात असे दिसले की पेशीची अशी आवश्यक कामे बंद पाडली तर हा कृमी समोरचे अन्नच सोडून दूर जातो. पेशीच्या आत काहीतरी बिघडले आहे आणि ते पोटात गेलेल्या गोष्टीमुळे असावे, इतका निष्कर्ष हा जीव काढतो. त्याला पांढऱ्या पेशींचे सैन्य नाही.

घटसर्पाचे विषही प्रथिननिर्मितीवरच घाला घालते. त्याच्या विषारी भागाचा एक रेणू पेशीत पोहोचला तरी ती पेशी मरू शकते, हे 1978 सालीच दाखवले गेले आहे. अशा विषासमोर पेशीला सावध होण्याची ही दुसरी, आतली वाट का लागली असेल हे त्यावरून कळते. पेशीतली काही प्रथिने अल्पायुषी असतात आणि सतत नव्याने बनवावी लागतात. दाहाची जनुके दाबून धरणारे आयकॅपाबी हे त्यांतले एक. प्रथिननिर्मिती थांबली की ते आधी संपते आणि दाहाची जनुके मोकळी होतात. काम बंद पाडणे हाच इशारा ठरतो. जंतूने हल्ला जितका पूर्ण करावा तितका हा इशारा स्पष्ट होतो.

जंतूही गप्प बसत नाहीत, आणि त्यांच्या युक्त्यांची यादी वाचली की पेशीचे कोणते उपाय खरोखर परिणामकारक आहेत हे कळते. इन्फ्लुएन्झाचा विषाणू एनएस-1 या प्रथिनाने आपला दुपदरी आरएनए झाकतो. नागिणीच्या कुळातला, ओठावर फोड आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स पेशीचेच दुसरे विकर पकडून आणतो आणि लावलेले फॉस्फेट काढायला लावतो. लसीसाठी वापरला गेलेला व्हॅक्सिनिया विषाणू ईआयएफ-2 सारखाच दिसणारा तोतया बनवतो, म्हणजे पीकेआर त्याच्याशीच झटत बसते. काम थांबले की पेशी प्रथिन बनवण्याचे अर्धवट राहिलेले संदेश छोट्या गोळ्यांत बांधून ठेवते. पोलिओचा विषाणू त्या गोळ्या बांधणारे प्रथिनच कापतो. वेगवेगळ्या कुळांतले इतके विषाणू एकाच फॉस्फेटच्या मागे लागावेत, यावरून त्या फॉस्फेटचे वजन ओळखावे.

उष्णतेबद्दलही लिहायला हवे, कारण आपल्या वाचकांच्या पत्रांत तापाबद्दलचे प्रश्न वारंवार येतात. 1962 साली इटलीतले फेरुच्चो रितोसा फळमाशीच्या अळीच्या लालग्रंथीतली गुणसूत्रे पाहत होते. इनक्युबेटरचे तापमान वाढलेले होते, आणि गुणसूत्रांवर ठराविक ठिकाणी नवे फुगवटे आलेले दिसले. ती जनुके उष्णतेने सुरू झाली होती. त्यांच्यापासून बनणारी प्रथिने पुढे हीट शॉक प्रोटीन म्हणून ओळखली गेली. विस्कटू लागलेल्या प्रथिनांना सावरून पुन्हा घडीत बसवणे हे त्यांचे काम. संसर्गातही ती वाढतात, आणि ताप चढतो तेव्हा पेशींना त्यांची गरज पडतेच. ताप उपयोगी असतो का, याचा एक देखणा प्रयोग 1975 साली मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी केला. वाळवंटी इग्वानाला स्वतःचे तापमान आतून वाढवता येत नाही, तो उबदार जागा शोधतो. त्याला जिवाणूंचा संसर्ग करून वेगवेगळ्या तापमानांत ठेवले. जास्त तापमानात ठेवलेले सरडे जास्त प्रमाणात जगले. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कोणाचा ताप कधी उतरवावा हे मी सांगणार नाही. पण ताप म्हणजे केवळ जंतूने घडवलेली खराबी असे छापू नये, एवढे मी नक्की म्हणेन.

पेशीच्या पटलाला छिद्र पडले तर काय होते? अनेक जिवाणू छिद्र पाडणारी विषे सोडतात. पेशीच्या आत पोटॅशियम जास्त आणि बाहेर कमी असते. छिद्र पडले की पोटॅशियम बाहेर वाहते, कॅल्शियम आत येते. पेशी या दोन्ही गोष्टी टिपते. कॅल्शियम आल्याबरोबर दुरुस्ती सुरू होते, फाटलेला भाग कळीसारखा बाहेर टाकला जातो. पोटॅशियम घटल्याने कॅस्पेज-1 हे विकर सुरू होते. 2006 साली एरोलायसिन या जिवाणू-विषावर काम करणाऱ्यांनी दाखवले की याच विकरामुळे पेशी नवे मेद बनवू लागते आणि त्यामुळे ती वाचते. एरवी या विकराचे नाव मृत्यूशीच जोडले जाते. तेच विकर बचावही करते हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे.

ऑटोफॅजीबद्दल आपल्या पुरवणीत मी वाचले आहे, पण उपवास आणि वजन यांच्या संदर्भातच. पेशी स्वतःचे जुने घटक पिशवीत गुंडाळून लयकारिकेत, म्हणजे पचन करणाऱ्या कप्प्यात, पचवते; हीच ऑटोफॅजी. यीस्टमध्ये ही यंत्रणा उलगडल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना 2016 चे नोबेल मिळाले. पण हीच पिशवी जिवाणूलाही गुंडाळते, हे लेखात कधी येत नाही. 2004 साली जपानी संशोधकांनी दाखवले की घसा धरणारा स्ट्रेप्टोकोकस पेशीत शिरला तर बहुतांश अशा पिशव्यांत अडकून मरतो, आणि पिशवी बनवणारे एक जनुक नसलेल्या पेशींत तो टिकून राहतो. त्याच वर्षी क्षयाच्या जिवाणूबाबतही दिसले की भक्षक पेशींत ऑटोफॅजी चालवली तर त्याचे टिकणे अवघड होते. जिवाणू कुठे आहे हे पेशीला कसे कळते? तो ज्या पिशवीतून आत आला ती फाडून बाहेर पडतो, तेव्हा एरवी पेशीच्या बाहेरच्या बाजूला असणाऱ्या शर्करा आतल्या बाजूला उघड्या पडतात. गॅलेक्टिन-8 त्यांना चिकटते आणि गुंडाळणी बोलावते. इथेही पेशी जिवाणूकडे पाहत नाही, फाटलेल्या पटलाकडे पाहते. लिजिओनेला हा जिवाणू तीनशेहून अधिक प्रथिने पेशीत सोडतो. त्यांतले एक या गुंडाळणीचे मुख्य प्रथिन असे कापते की ते पुन्हा वापरताच येत नाही.

हे सगळे अपुरे पडले तर पेशी मरते, आणि तो मृत्यूही ठरवून असतो. शिगेला भक्षक पेशींना मारतो हे 1992 साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून प्रसिद्ध झाले. तेव्हा तो शांत, नेहमीचा पेशीमृत्यू समजला गेला. 2001 साली ब्रॅड कुकसन आणि मॉली ब्रेनन यांनी त्याला पायरॉप्टोसिस हे वेगळे नाव दिले, कारण या मृत्यूत पेशी फुटते आणि दाह पेटवणारे रेणू बाहेर सांडते. फुटते कशी, हे 2015 साली कळले. कॅस्पेज विकर गॅस्डर्मिन-डी नावाचे प्रथिन कापते, आणि त्याचे तुकडे पेशीच्या स्वतःच्या पटलात छिद्रे पाडतात. जिवाणूची राहण्याची जागा नष्ट होते, तो उघड्यावर येतो, आणि आजूबाजूला धोक्याची वर्दी जाते. जिवाणूही याच वाटेने जातात हे कळले तेव्हा मी थक्क झाले. त्यांना विषाणूंचा संसर्ग होतो तेव्हा काही जिवाणू नवे विषाणू तयार होण्याआधीच मरतात आणि वसाहत वाचते. त्यांतल्या एका यंत्रणेतले विकर आपल्या पेशीत परका डीएनए ओळखणाऱ्या विकराच्या कुळातले आहे, हे 2019 साली दिसले. 2022 साली जिवाणूंमध्ये गॅस्डर्मिनही सापडले. पांढऱ्या पेशी असलेला पहिला प्राणी जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून पेशी हे करत आली आहे.

संपादक महोदय, आता आपल्या चौकटीकडे येते, आणि इथे माझा आक्षेप गंभीर आहे. वरचा प्रत्येक उपाय पेशीला महागात पडतो. प्रथिननिर्मिती फार वेळ थांबली तर पेशी मरते. दाह लांबला तर ऊती खराब होतात. इंटरफेरॉन थोडाच वेळ हवे असते. ते वेळेवर आले नाही तर विषाणू सुटतो, आणि थांबले नाही तर तेच नुकसान करते. अशा गोष्टीला नुसते "वाढवा" म्हणणे चूक आहे. वाढवण्याची कोणतीही एक शक्ती शरीरात नाही.

कोविडच्या साथीने याचे दोन्ही पुरावे एकाच वर्षात दिले. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गंभीर आजारी असलेल्या 987 रुग्णांपैकी 101 जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे सापडली. सौम्य किंवा लक्षणरहित संसर्ग झालेल्या 663 जणांत ती कोणातही नव्हती. त्या 101 जणांत सूचना पोहोचलीच नाही. त्याच वर्षी कोविडच्या औषधांवरच्या ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने डेक्सामेथासोनचे निष्कर्ष दिले. हे औषध प्रतिकार दाबते. व्हेंटिलेटरवर असलेल्यांत त्याने मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, फक्त ऑक्सिजनवर असलेल्यांत सुमारे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना काहीच फायदा झाला नाही. एकाच आजारात एका रुग्णाला प्रतिकार कमी पडला म्हणून धोका होता, आणि दुसऱ्याचा जीव प्रतिकार दाबल्यामुळे वाचला. "प्रतिकारशक्ती वाढवा" ही चौकट या दोघांपैकी कोणासाठी होती?

तिसरीही बाजू आहे, ती आपल्याकडे अजिबात छापली जात नाही. उंदरांच्या मलेरियात फुटलेल्या रक्तपेशींतून मोकळे हीम सांडते आणि तेच अवयवांना घातक ठरते. हीम ऑक्सिजनेज-1 हे विकर त्याचे विघटन करते. ज्या उंदरांत ते भरपूर चालते ते वाचतात, पण त्यांच्या रक्तातले परजीवी कमी झालेले नसतात. जंतू तेवढेच, आजार मात्र हलका. पेशींनी जंतूंना मारले नाही, झालेले नुकसान पेलले. बरे होण्यात या पेलण्याचा वाटा किती, हा आज वैद्यकातला मोठा प्रश्न आहे.

म्हणून काही ठोस विनंत्या करते. एखादा पदार्थ किंवा गोळी "प्रतिकारशक्ती वाढवते" असा दावा छापण्यापूर्वी लेखकाला विचारावे की शरीरातली कोणती क्रिया, आजाराच्या कोणत्या टप्प्यावर, आणि हे कोणावर तपासले गेले आहे. उत्तर नसेल तर तो दावा छापू नये. पेशींवरच्या प्रयोगाची बातमी देताना कोणत्या पेशी वापरल्या तेही द्यावे. व्हेरो पेशींत एखाद्या औषधाने विषाणू थांबला, एवढ्यावरून माणसाच्या फुफ्फुसात तो थांबेल असे म्हणता येत नाही. कोविडच्या साथीच्या सुरुवातीला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाबाबत नेमके हेच झाले. व्हेरो पेशींत त्याने कोरोना विषाणू रोखला, पुढे मानवी फुफ्फुसाच्या पेशींत रोखला नाही, आणि रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांतही त्याचा उपयोग दिसला नाही. दरम्यान मथळे छापून झाले होते. पेशीचे नाव एका शब्दात मावते. ते गाळल्याने वाचकाच्या हातातून प्रश्न विचारण्याचे साधन जाते.

सेप्सिसवर लेखमाला येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे, त्याबद्दलही सांगते. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल होतो तेव्हा, मूत्रपिंड, हृदय, यकृत काम थांबवतात. पण अशा रुग्णांच्या शवविच्छेदनात या अवयवांतल्या मेलेल्या पेशी अपेक्षेपेक्षा फार थोड्या सापडल्या, हे 1999 साली नोंदवले गेले आहे. भरपूर मृत्यू दिसला तो प्रतिकार करणाऱ्या लिम्फोसाइट पेशींत. आणि जे रुग्ण वाचतात त्यांतल्या अनेकांचे मूत्रपिंड पुन्हा चालू लागते. तेव्हा थांबलेल्या अवयवातल्या पेशी जिवंत राहून काम का थांबवतात, ते थांबणे त्यांना वाचवते की रुग्णाला मारते, हे प्रश्न लेखमालेत यायला हवेत. त्यासाठी अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांबरोबर पेशीजीवशास्त्राच्या एखाद्या अभ्यासकाकडूनही एक लेख लिहून घ्यावा. तांत्रिक शब्द तपासायला किंवा रंगवलेल्या प्लेटांची छायाचित्रे पुरवायला मी विनामोबदला तयार आहे.

आपली,
पेशीसंवर्धन विभागात काम करणारी एक वाचक